क्लिपलेस की फ्लॅट? आधी पाय किती वेळा टेकतो ते मोजा

नवी रोड सायकल घरी आली की आठवड्याभरात कोणीतरी विचारतंच, "मग, क्लीटवर कधी जाणार?" क्लीट किंवा क्लिपलेस म्हणजे बूट पेडलमध्ये अडकवायची सोय; पाय नुसता ठेवायचं साधं पेडल ते फ्लॅट. विचारणाऱ्याच्या बुटांतून टकटक आवाज येत असतो आणि आपल्याला आपले साधे बूट एकदम गावठी वाटायला लागतात. मलाही वाटले होते. तिसऱ्या महिन्यात पेडल, क्लीट, बूट असा सगळा सरंजाम घेतला आणि चौथ्या महिन्यात साताऱ्यातल्या बोगद्याच्या अलीकडच्या चढावर, चहाच्या टपरीसमोर, जागच्या जागी आडवा झालो. वेग शून्य. टपरीवाल्या मावशींनी आधी सायकल उचलली, मग मला. "पाय का न्हाई टेकला?" त्यांनी विचारलं. टेकता आला असता तर काय हवं होतं! पाय पेडललाच अडकलेला.

मावशींचा प्रश्न मात्र नेमका होता. पेडल निवडताना लोक वजन बघतात, किंमत बघतात, कोणत्या कंपनीचं ते बघतात. साताऱ्यासारख्या गावात पहिला प्रश्न असायला हवा तो हा: रोजच्या वाटेवर तुमचा पाय किती वेळा जमिनीवर टेकतो, आणि त्यातला किती वेळा तो न सांगता टेकतो?

नावाचा घोळ

क्लिपलेस म्हणजे क्लिप नसलेलं, आणि पाय तर खट्कन आवाज करून पेडलमध्ये अडकतो. हे उलटं नाव आलं जुन्या काळातून. पूर्वी शर्यतीच्या सायकलींना पेडलवर पिंजऱ्यासारखी पट्टी असायची, तिच्यात बुटाचा पुढचा भाग घालून वरून चामडी पट्टा आवळायचा. त्या पिंजऱ्याला टो-क्लिप म्हणत. बर्फावरच्या स्कीची बांधणी बनवणाऱ्या लूक या फ्रेंच कंपनीने तीच युक्ती सायकलला लावली आणि १९८४ मध्ये पिंजऱ्याशिवायचं पेडल बाजारात आणलं. पुढच्याच वर्षी फ्रेंच सायकलपटू बर्नार इनोने त्यावर टूर दी फ्रान्स ही मोठी शर्यत जिंकली. पिंजरा गेला, म्हणून नाव क्लिपलेस. बुटाच्या तळाला स्क्रूने बसवलेला तुकडा म्हणजे क्लीट. आपल्याकडे सगळ्या प्रकारालाच सर्रास 'क्लीट' म्हणतात, त्यामुळे मीही तेच म्हणेन.

सोडवायचं कसं? टाच बाहेरच्या बाजूला वळवायची. वर ओढायचं नाही. घाबरल्यावर माणूस नेमका पाय वर ओढतो. सगळी गंमत, म्हणजे सगळं पडणं, इथंच आहे.

मोजणी

नेहमीच्या वाटेवर तीन फेऱ्या मारा. आत्ता सायकलला जी पेडलं असतील त्यांवरच. घरी आल्यावर लगेच दोन आकडे लिहा. पहिला ठरवून टेकलेल्या पायांचा: चौकातला थांबा, चहा, फोन, पाणी. दुसरा अचानक टेकलेल्यांचा: गल्लीतून मागे येणारी गाडी, मध्येच वळलेली रिक्षा, कुत्रं, थांब्याआधीच थांबलेली एसटी, चढावर दमून गेलेला तोल.

पहिला आकडा कितीही मोठा असला तरी बिघडत नाही. थांबायचं माहीत असेल तर पन्नास पावलं आधीच पाय सोडवून ठेवता येतो. निर्णय करतो तो दुसरा आकडा. वीस किलोमीटरमध्ये चार-पाचपेक्षा जास्त वेळा अचानक पाय टाकावा लागत असेल, तर त्या वाटेवर सध्या फ्लॅटच बरं. हा हिशेब माझा, कुठल्या पुस्तकातला नव्हे. पण बरोबरच्या दोन-चार जणांना लावून बघितला आणि त्यांचं पडणं कमी झालं.

वाट तीच असली तरी वेळ बदलली की आकडा बदलतो. राजवाड्याहून मोती चौकातून पोवई नाक्याकडे सकाळी सहाला निघा आणि नऊला निघा. सहाला एखादा पाय, नऊला मोजणं सोडून द्याल. ऋतूही बघा. कास पठाराची फुलं साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरात असतात, तेव्हा शनिवार-रविवारी यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागते. चढावर थांबायचं, परत निघायचं, पुन्हा थांबायचं. क्लीट शिकायला याहून वाईट जागा नाही. कोरेगाव, रहिमतपूर, कराडच्या बाजूला ऊसतोड सुरू झाली की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, आणि त्यांच्यामागे रस्त्यावर पडलेला ऊस. शिकायचंच असेल तर दिवाळीनंतरचा काळ धरा आणि वाट कासची धरा: पाऊस संपलेला, फुलं सरलेली, घाट मोकळा.

फ्लॅट म्हणजे कमीपणा नव्हे

बहुतेकांनी फ्लॅट कधी नीट वापरलेलंच नसतं. सायकलबरोबर आलेलं गुळगुळीत प्लॅस्टिकचं पेडल आणि पायात मऊ सोलचे पळायचे बूट, यावर पाय घसरला की दोष 'फ्लॅट'ला. चांगलं फ्लॅट पेडल रुंद असतं, मधोमध किंचित खोलगट आणि वर छोट्या पिना असलेलं. नायलॉनचं साधं जोड हजार-दोन हजारात मिळतं. बूट सपाट रबरी तळाचा, जरा कडक. जाड फोमचे पळायचे बूट नकोत, दाबलेली ताकद त्या फोममध्येच जिरते. पिना नडगीला लागल्या की रक्त काढतात, तेवढं ध्यानात ठेवा.

अंगठ्यामागचा उंचवटा पेडलच्या दांड्यावर किंवा किंचित पुढे येऊ द्या. खडबडीत रस्त्यावर टाच थोडी खाली सोडा, म्हणजे तळवा पेडलला चिकटून राहतो. उतारावर दोन्ही पेडलं जमिनीला समांतर ठेवा आणि वळणावर बाहेरचा पाय खाली. उजवं वळण असेल तर डावा खाली. ही सवय पुढे क्लीटवरही तशीच कामाला येते.

आता तो लाडका मुद्दा: क्लीट असली की पाय वरही ओढता येतो, म्हणून ताकद दुप्पट. तसं नाही. एका लयीत सायकल चालवताना जवळजवळ सगळी ताकद खाली दाबण्यातूनच येते. वर येणारा पाय फार तर स्वतःचं ओझं समोरच्या पायावर टाकत नाही, एवढंच. मुद्दाम ओढत बसलात तर दमायला लवकर होतं. मग क्लीट देते काय? पाय दर वेळी त्याच जागी, त्याच कोनात बसतो. पावसात घसरत नाही. मिनिटाला नव्वद फेऱ्यांच्या वर पाय फिरवताना पेडलवरून उडत नाही. उभं राहून जोर काढताना भरवसा येतो. आणि उतारावर गतिरोधक चुकून वेगात लागला तर पाय पेडलवरच राहतो. कासहून साताऱ्याकडे उतरताना मला क्लीट हवीशी वाटते ती या शेवटच्या कारणासाठी. चढताना फरक जाणवतो त्याहून लोक बोलतात जास्त.

माझं मत विचाराल तर पहिला पावसाळा फ्लॅटवर काढा. एका हाताने पाण्याची बाटली काढून परत ठेवता येते, मागे वळून बघताना सायकल सरळ राहते, चढावर न उतरता गिअर बदलता येतो, हे जमेपर्यंत क्लीटचं नाव काढू नका.

घ्यायची ठरलीच तर कोणती

दोन घराणी आहेत. दोन स्क्रूची आणि तीन स्क्रूची.

दोन स्क्रूची क्लीट लहान, धातूची आणि बुटाच्या तळात आत बसलेली असते. चालता येतं, देवळाच्या पायऱ्या चढता येतात. पेडलला बहुधा दोन्ही बाजूंनी अडकवता येतं. शिमानो या जपानी कंपनीने ती १९९० मध्ये आणली, डोंगरी सायकलींसाठी. एसपीडी म्हणतात ती हीच. तीन स्क्रूची क्लीट मोठी, प्लॅस्टिकची, तळाबाहेर आलेली. पेडलवर दाब पसरतो, लांबच्या प्रवासात तळवा कमी दुखतो, पण चालणं बदकासारखं, आणि शहाबादी फरशीवर तर देवाचं नाव घ्यायचं. शिमानोची एसपीडी-एसएल आणि लूकची किओ या जातीतल्या. अडकवायची बाजू एकच.

दुकानदार रोड सायकल बघून तीन स्क्रूचीच दाखवेल. मी नव्या माणसाला दोन स्क्रूचीच सांगतो, सायकल कितीही रेसिंगची असो. सज्जनगडला पायथ्याशी सायकल लावून वर जायचं, यवतेश्वरला उतरून दर्शन घ्यायचं, ठोसेघरला धबधब्यापर्यंत चालायचं, अशीच आपली सायकलिंग असते. दोनशे-तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब फेऱ्या, करायला लागलात की तीन स्क्रूचा विचार करा, तेव्हाही घाईने नको.

एका बाजूला फ्लॅट आणि दुसऱ्या बाजूला एसपीडी अशी मिश्र पेडलंही मिळतात. शिमानोचं ईएच५०० त्यातलंच. त्याच सायकलवर रोज ऑफिसला जाणाऱ्याला सोयीचं. पण गर्दीच्या चौकातून निघताना नेमकी नको असलेली बाजू वर येते, हा अनुभव घेऊन मगच पसंत करा.

बूट घेताना तळाची भोकं बघा. दोन स्क्रूचा बूट तीन स्क्रूच्या क्लीटला चालत नाही, काही मोजक्या बुटांनाच दोन्ही सोयी असतात. पेडलबरोबर क्लीट बहुतेक वेळा येते, वेगळी विकत घेण्याआधी डबा उघडून बघा. सगळं मिळून दहा हजार सहज जातात.

एसपीडीमध्ये दोन प्रकारच्या क्लीट असतात. एसएच५१ फक्त टाच बाजूला वळवल्यावर सुटते. एसएच५६ टाच वळवूनही सुटते आणि तिरकं वर ओढूनही. घाबरल्यावर पाय वर ओढला जातो हे वर सांगितलंच. म्हणून नव्या माणसाने एसएच५६ मागून घ्यावी. उभं राहून जोर काढताना ती कधीतरी नको तेव्हाही सुटते, पण शिकताना तेवढं चालवून घ्यावं.

तीन स्क्रूच्या जातीत क्लीटचा रंग म्हणजे पाय किती हलू शकतो त्याचं माप. शिमानोची पिवळी ६ अंश, निळी २ अंश, लाल शून्य. लूक किओची काळी शून्य, राखाडी ४.५, लाल ९. लालचा अर्थ दोन्हींत उलटा आहे. एकाच्या सल्ल्याने 'लाल' घेऊन दुसऱ्या कंपनीची आणलीत तर गुडघा महिन्याभरात जाब विचारेल. सुरुवातीला पिवळी किंवा राखाडी.

पेडल बसवणं

माझं पहिलं पेडल मी स्वतः काढायला गेलो आणि पान्यावर उभा राहिलो तरी हलेना. मिस्त्री लांबून बघत होता. म्हणाला, "आवं साहेब, आवळताय तुमी. डाव्याचं आटं उलटं असत्यात." उजव्या पेडलचे आटे नेहमीसारखे आणि डाव्याचे उलटे. लक्षात ठेवायला सोपी खूण: पान्याचं वर आलेलं टोक सायकलच्या पुढच्या चाकाकडे ढकललं की दोन्ही पेडलं आवळली जातात, मागच्या चाकाकडे ढकललं की सुटतात.

पेडलच्या दांड्यावर एल आणि आर कोरलेलं असतं. रोड सायकलच्या क्रँकचे, म्हणजे पेडल ज्यात बसतं त्या हाताचे, आटे ९/१६ इंचाचे. पाना १५ मिलिमीटरचा लागतो, किंवा आतल्या बाजूने ८ मिलिमीटरची ॲलन की. काही पेडलांना ६ ची. आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले चार-पाच फेरे बोटांनीच फिरवा. बोटांनी फिरत नसेल तर आटे तिरके लागलेत, पाना लावूच नका. क्रँक ॲल्युमिनियमची असते, एकदा आटे गेले की पेडलच्या किमतीत भागत नाही.

क्लीटची जागा

इथं घाई केलीत तर गुडघा धरून बसाल. बूट घालून अंगठ्यामागचा उंचवटा बोटाने चाचपा आणि बुटाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीचा तुकडा लावून खूण करा. मग करंगळीमागचा उंचवटा चाचपा आणि बाहेरच्या बाजूला खूण. पेडलचा दांडा या दोन खुणांच्या मधोमध यायला हवा. चुकायचंच असेल तर क्लीट थोडी टाचेकडे चुकू द्या, बोटांकडे नको. पुढे गेली तर पोटरी आणि टाचेमागची शीर ओढली जाते.

कोनासाठी टेबलावर बसा, पाय सैल सोडा आणि खाली बघा. बहुतेकांची पावलं किंचित बाहेर वळलेली असतात, दोन्ही सारखी नसतात. तुमचा पाय जसा वळतो तशीच क्लीट वळवा. बुटाचं टोक मुद्दाम सरळ करायला जाऊ नका.

स्क्रूंना ग्रीस, ४ मिलिमीटरची ॲलन की, आणि शिमानोच्या क्लीटसाठी आवळण्याचं माप ५ ते ६ न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच, म्हणजे नेमक्या मापाने आवळणारा पाना, नसेल तर छोटी की नेहमीच्या जोराने घट्ट करा, कीला पाइप लावून नव्हे. आवळण्याआधी क्लीटभोवती पेनने रेघ मारा. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर रेघ बघा आणि परत आवळा, कारण नवी क्लीट बसताना थोडी सरकतेच. सरकलेली क्लीट फसवी असते: टाच वळते, बूट वळतो आणि क्लीट तिथंच राहते.

गुडघा दुखला तर एका वेळी एकच गोष्ट बदला, तीही मिलिमीटर-दोन मिलिमीटर, आणि दोन फेऱ्या मारून बघा. दोन आठवड्यांत दुखणं गेलं नाही तर फिजिओथेरपिस्टला सायकल आणि बूट दोन्ही घेऊन जा.

पेडलची पकड ढिली करा

पेडलवर एक बारीक स्क्रू असतो, तो पकड कमी-जास्त करतो. सगळ्यात ढिली करा. दोन्ही बाजूंनी अडकणाऱ्या पेडलला असे दोन स्क्रू, म्हणजे सायकलला चार. चारही सारखे नसले तर एक बाजू अलगद सुटते आणि दुसरी हिसका मागते. माझ्या टपरीसमोरच्या लोटांगणामागे हेच होतं: तीन स्क्रू ढिले केले होते, चौथा विसरलो.

सराव

पहिला दिवस घरात, दाराच्या चौकटीला हात धरून. डावा पाय अडकवा, सोडवा, असं पन्नास वेळा. मग उजवा. मग दोन्ही. सोडवताना पेडल खाली असेल तेव्हाही करा आणि वर असेल तेव्हाही.

दुसऱ्या दिवशी गवत असलेलं मैदान, नाहीतर पहाटे एमआयडीसीतले मोकळे रस्ते, पहिली पाळी सुरू व्हायच्या आत. निघा, दहा मीटर जा, डावा सोडवा, थांबा. तासभर हेच. कंटाळा येतो, येऊ द्या.

डावाच का? आपण रस्त्याच्या डावीकडून चालवतो, म्हणून तोल डावीकडे गेला तर कडेला, उजवीकडे गेला तर ट्रकखाली. पण एक मेख आहे. रस्ता कडेला उतरता असतो, आणि डांबर संपून साइडपट्टी सुरू होते तिथं चार-सहा बोटांचा खड्डा पडलेला असतो. सोडवलेला पाय तिथं टाकायला जावं तर जमीन हाताशी येतच नाही आणि सायकल कलंडते. म्हणून थांबताना डांबराच्या काठापासून फूटभर आत थांबा.

थांबायचा क्रम मनात बसवा: आधी पाय सोडवा, मग ब्रेक. शंका आली तरी सोडवा. चौकात शिरताना, गुरं दिसली, पुढची एसटी हळू झाली, सोडवा. बहुतेक वेळा टेकावा लागणार नाही, त्याने काही बिघडत नाही.

चढावर परत निघणं सगळ्यात अवघड. शक्यतो वळणाच्या अलीकडे, उतार जिथं कमी वाटतो तिथं थांबा. हलका गिअर आधीच टाकून ठेवा. उजवा पाय अडकवून पेडल घड्याळातल्या दोनच्या जागी आणा, ब्रेक धरून ठेवा, मागे बघा, ब्रेक सोडा आणि एक दणका द्या. डावा पाय पेडलवर नुसता ठेवा, अडकवायच्या नादाला लागू नका. पाच-सहा फेरे झाले, वेग आला, की मग अडकवा. खाली बघत पेडल शोधणारा माणूस हमखास पडतो. तीन स्क्रूचं पेडल मोकळं असताना मागच्या बाजूने खाली लोंबतं आणि पुढचं टोक वर असतं. बुटाच्या टोकाने ते पकडून पुढे सरकवत दाबायचं. हे न बघता जमायला महिना लागतो.

पहिल्या रविवारी कास नको. संगम माहुलीपर्यंत जाऊन या. मग यवतेश्वर. साताऱ्याहून पठार पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे बाराशे मीटर उंच. तिथं पोचेपर्यंत पाय इतके थकतात की सोडवायचं भानच राहत नाही.

देखभाल

कासकडची लाल माती क्लीटमध्ये बसली की सुकून विटेसारखी होते, आणि मग क्लीट अडकतही नाही आणि सुटतही नाही. जुना टूथब्रश सायकलच्या पिशवीत ठेवा. क्लीटच्या स्क्रूंच्या डोक्यात खडी भरते, ती टाचणीने काढा, नाहीतर बदलायच्या वेळी ॲलन की बसत नाही. मी तिथं मेणबत्तीचं मेण भरून ठेवतो. पेडलच्या स्प्रिंगला तेलाचा एक थेंब, वरचं पुसून टाका. तीन स्क्रूच्या क्लीटवर चालायचं असेल तर रबरी टोप्या खिशात हव्यात. पाय आपोआप सुटायला लागला किंवा अडकताना डळमळला, तर झीज झाली, नवी क्लीट घ्या आणि जुन्याच रेघेवर बसवा.

जुनी फ्लॅट पेडलं फेकू नका. जून उजाडला, साताऱ्यात पाऊस लागला, की मी परत फ्लॅट चढवतो आणि ऑक्टोबरात उतरवतो. पण क्लीटचा बूट आणि साधा बूट यांच्या तळाच्या जाडीत फरक असतो, त्यामुळे सीटची उंची दर वेळी जुळवावी लागते. टाच पेडलवर ठेवून पेडल तळाशी असताना गुडघा सरळ व्हायला हवा. हे दोन्ही बूट घालून करा आणि सीटच्या दांड्यावर चिकटपट्टीच्या दोन खुणा लावा, एक फ्लॅटची, एक क्लीटची. माझ्या दोन खुणांत आठ मिलिमीटरचं अंतर आहे.